खिंडीतले लिमये भाऊसाहेब

डिसेंबरात नवं कॅलेंडर घरात आलं की माणसं आधी आपला वाढदिवस कुठल्या वारी येतो ते बघतात. बायका चतुर्थ्या बघतात, पोरं दिवाळी बघतात. आमचे लिमये भाऊसाहेब रविवार बघायचे. एकेका रविवारावर बोट ठेवत खाली सरकायचे, आणि एखादा सण बोटाखाली सापडला की ढेकूण चिरडावा तसं बोट दाबून धरायचे. म्हणायचे, "मेली. आणखी एक मेली."

मेली ती सुट्टी. रविवारी आली म्हणजे फुकट गेली, आणि ती फुकट गेल्याचा आनंद त्या माणसाला दिवाळी बोनससारखा व्हायचा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी घाटावरून रत्नागिरीत कारकून म्हणून गेलो. कचेरी सरकारी, पण कुठली ते सांगत नाही. रत्नागिरी गाव लहान आणि कचेऱ्यांची स्मरणशक्ती दांडगी. लिमये तिथे हेडक्लार्क होते. रजेचा प्रत्येक अर्ज त्यांच्या टेबलावरून साहेबांकडे जायचा, म्हणजे बहुधा जायचा नाही. शाकाहारी माणसाला ही उपमा देणं बरं नव्हे, पण दिसायला ते सुकवलेल्या बोंबलासारखे होते. लांब, चपटे आणि कडक. आवाज मात्र मऊ. आयुष्यात कधी ओरडले नाहीत. सगळ्यात वाईट वाक्य ते चहा बशीत ओतताना बोलत आणि मग फुंकर घालत.

सरकारी सुट्ट्यांची यादी आली की दुपारच्या डब्यानंतर ते सगळ्यांना टेबलाभोवती बोलवायचे आणि मोठ्याने वाचून दाखवायचे. प्रत्येक सुट्टीला त्यांनी जात ठरवून दिली होती. रविवारी आली ती मेली. सोमवारी किंवा शनिवारी आली ती लेकुरवाळी, रविवारला कडेवर घेऊन येते म्हणून. तिचं नाव ते तोंड वाकडं करून घेत. बुधवारची, गुरुवारची वांझ, मागे ना पुढे. हे शब्द ते बायकांसमोर खुशाल वापरायचे. आणि मंगळवारची किंवा शुक्रवारची आली की यादी खाली ठेवून, चष्मा काढून, सगळ्यांकडे एकवार बघून म्हणायचे, "खिंड."

तेव्हा बहुतेक शनिवार कामाचे असत. त्यामुळे मंगळवारी सुट्टी आली की रविवार आणि ती यांच्यामध्ये एक सोमवार उरायचा, शुक्रवारी आली की एक शनिवार. त्या एका दिवसाची किरकोळ रजा मिळाली तर माणूस घरी जाऊन येऊ शके. तो दिवस म्हणजे खिंड. भाऊसाहेब टेबलावर तळहात आपटायचे. "या खिंडीत मी उभा आहे. मी आहे तोवर एक माणूस पलीकडे जायचा नाही."

हिशेबात ते पक्के होते. एक मे, दोन ऑक्टोबर आणि पंचवीस डिसेंबर ही तीन भावंडं दरवर्षी एकाच वारी येतात हे मला त्यांनीच सांगितलं. मी हसलो, तर समोर तीन वर्षांची कॅलेंडरं टाकली. त्र्याऐंशी साली तिन्ही भावंडं रविवारी आली. त्या दिवशी भाऊसाहेबांनी कचेरीला स्वतःहून चहा सांगितला. "एका बाणात तीन," असं म्हणत त्यांनी बशीत फुंकर घातली.

माझा आणि खिंडीचा पहिला सामना नोकरीच्या पहिल्याच वर्षी झाला. मला कराडला घरी जायचं होतं. कारण काही नव्हतं. पण कारण नसणं हे कारण चालत नाही, म्हणून मी मावशीला अत्यवस्थ केलं. लॉजवरच्या मित्राला पैसे दिले आणि म्हटलं, कचेरीच्या पत्त्यावर माझ्या नावानं तार ठोक. त्यानं ठोकली. तार आली तेव्हा मी चेहरा पाडून भाऊसाहेबांच्या टेबलाशी उभा राहिलो. आरशासमोर सराव करून आलो होतो.

त्यांनी तार वाचली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"वाईट झालं, पाटील. मावशी कुठे असतात?"

"कराडला."

"तार रत्नागिरीहून आलीय."

मित्रानं ती रत्नागिरीच्याच तारऑफिसातून केली होती. दुसरीकडून करावी लागते हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं आणि माझ्याही.

भाऊसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे मावशी इथेच आल्यात. बरं झालं की! सिव्हिल हॉस्पिटल जवळच आहे. डबा खाऊन झाला की भेटून या. येताना मावशींचं नाव आणि खाट नंबर लिहून आणा."

त्यानंतर पुढचे सहा-आठ महिने, बाहेरचं कोणी आलं की त्यांच्यासमोर मला विचारायचे, "मावशी कशा आहेत?" मी "बऱ्या आहेत" म्हणायचो. एकदा साहेबांनीही विचारलं. मावशीची तब्येत सगळ्या कचेरीला तोंडपाठ होती.

आणि मग मावशी खरंच गेली. कराडहून तार आली. भाऊसाहेबांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि शिक्का वाचला. "या वेळी कराडचा आहे. सुधारणा आहे." एवढं बोलून त्यांनी अर्ज साहेबांकडे पाठवला. मी मावशीला पोचवायला गेलो आणि स्मशानात मला त्यांचं ते वाक्य आठवून हसू फुटलं. मामांना वाटलं, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला.

आमच्याकडे मुकादम नावाचे एक सज्जन वरिष्ठ कारकून होते. एका वर्षी यादीत ईदची सुट्टी एका दिवशी होती आणि चंद्र काही आदल्या संध्याकाळी दिसला नाही. म्हणजे यादीतल्या दिवशी मुकादमांचा रोजा, आणि ईद दुसऱ्या दिवशी. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमांनी कचेरीत येऊन अदबीनं सांगितलं.

"चंद्र दिसला नाही म्हणून रेडिओवरही सांगितलं, भाऊसाहेब."

"रेडिओ म्हणजे शासन निर्णय नव्हे. यादीप्रमाणे तुमची ईद काल झाली."

"पण परवा संध्याकाळी चंद्रच दिसला नाही."

"सरकारी चंद्र वेगळा असतो, मुकादम. तो डिसेंबरात छापून येतो. तुमचा उशिरा उगवला, त्याला कचेरीनं काय करावं?"

बदलाचा कागद वरून येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. मुकादम ईदच्या दिवशी नवा सदरा घालून दिवसभर जावक नोंदवत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी शीरखुर्मा आणला. भाऊसाहेबांनी दोन वाट्या घेतल्या आणि बदाम कमी असल्याचं सांगितलं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. म्हणजे ज्याची पाळी नसे तो हसायचा. सुर्वेबाईंच्या वेळी मात्र हसायला कोणी पुढे आलं नाही.

सुर्वेबाई आमच्या टायपिस्ट. नवरा जयगडकडचा, परदेशी बोटीवर खलाशी. लग्नानंतर जितके महिने एकत्र काढले त्याहून जास्त महिने तो पाण्यावर होता. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी त्यानं बाप फक्त फोटोत पाहिलेला. बाईंची नेमणूक तात्पुरती होती. कायम होण्याच्या रांगेत त्यांचा नंबर जवळ आला होता.

ब्याऐंशीच्या जानेवारीत कळलं की त्याची बोट मुंबईला लागतेय. शनिवारी रात्री पोचेल, मंगळवारी सुटेल. सव्वीस जानेवारी मंगळवारी होती. बाई अर्ज घेऊन भाऊसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. आमची सगळ्यांची टेबलं एकाच हॉलमध्ये, त्यामुळे खाली मान घालूनही सगळं ऐकू यायचं.

"सोमवारची किरकोळ रजा हवी होती, भाऊसाहेब. मिस्टर येतायत."

"अरे वा! इकडे येतील ना?"

"नाही हो. बोटीवरून उतरता येतं, पण मुंबई सोडता येत नाही."

"अगदी आमच्यासारखंच. मुख्यालय सोडायला परवानगी लागते." ते खूश झाले. "सोमवारचं ठीक. मंगळवारी काय करणार?"

"मंगळवारी सुट्टीच आहे ना."

इथे बाई चुकल्या. भाऊसाहेबांनी चष्मा काढला.

"कोण म्हणालं? सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन असतं. सुट्टी प्रजासत्ताकाला आहे. तुम्हांला हजेरी आहे. म्हणजे सोमवार दिला तरी तुम्ही मंगळवारी सकाळी इथे हव्यात. मग सोमवार घेऊन करायचं काय?"

"सोमवारी रात्रीच्या गाडीनं येईन मी परत. झेंड्याला हजर राहीन."

"आणि गाडी घाटात बंद पडली तर? झेंडा थांबायचा नाही, बाई."

"एवढी एकच वेळ, भाऊसाहेब. पोरानं बाप बघितलेला नाही अजून."

"पोराला कोण अडवतंय? त्याची हजेरी आमच्याकडे नाही." चहा बशीत ओतला. "तुम्हांलाही मी धरून ठेवलेलं नाही. जा की. फक्त खाडा लागेल. तात्पुरत्या माणसाचा खाडा म्हणजे सेवेत खंड, आणि खंड पडला की कायम होण्याची रांग पुन्हा शेवटून धरायची." फुंकर घातली. "बघा, कसं सोयीचं पडतं ते."

बाई शनिवारी कचेरी सुटल्यावर पोराला घेऊन रात्रीच्या एसटीनं मुंबईला गेल्या. निदान रविवार तरी पदरात पडेल. पण बोटीला धक्क्यावर जागा मिळाली नाही; रविवारभर ती बाहेर समुद्रात नांगरून राहिली. बाई गोदीच्या फाटकाबाहेर दिवसभर बसल्या. बोट लांबून दिसते का असं त्यांनी एका हमालाला विचारलं, तर त्यानं चार-पाच बोटी दाखवल्या आणि म्हणाला, यातली कुठलीही समजा. संध्याकाळी पोराला मुंबईतल्या भावाकडे ठेवलं आणि परतीची गाडी पकडली.

सोमवारी सकाळी त्या एसटी स्टँडवरून थेट कचेरीत आल्या, साडीला प्रवासाच्या सुरकुत्या घेऊन. त्या दिवशी कचेरीत काडीचं काम नव्हतं. खिंडीच्या दिवशी कधीच नसायचं. भाऊसाहेबांनी जरा विचार केला आणि कपाटातून कागद काढला.

"तालुक्यांना सुट्ट्यांची यादी पाठवायची राहिलीय. स्टेन्सिल कापा."

बाई दिवसभर ते टाइप करत बसल्या. प्रजासत्ताक दिन, मंगळवार. होळी, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन. स्टेन्सिलवर एक अक्षर चुकलं की लाल औषध लावून वाळेपर्यंत थांबावं लागतं. त्या एकदाही थांबल्या नाहीत. मी मदत म्हणून स्टेन्सिल धरायला गेलो आणि तो कोपऱ्यात टराटरा फाडला. बाईंनी नवा लावला.

बोट सोमवारी सकाळी धक्क्याला लागली. नवरा उतरला, मेव्हण्याकडे जेवला, पोराला घेऊन फिरून आला. पोरानं मामाला विचारलं, हे काका आपल्याकडे राहणारेत का? मंगळवारी बोट गेली. त्या सकाळी आम्ही झेंड्याखाली उभे होतो. भाऊसाहेब रांगेतून फिरत बाईंपाशी थांबले. "आलात? छान."

पुढे बाई कायम झाल्या. वर्षभराने नवरा सुट्टीवर घरीही येऊन गेला. भाऊसाहेबांशी त्या अतिशय नीट वागायच्या, इतकं की ते आम्हांला उदाहरण द्यायचे. "रजा म्हणून मागत नाही बाई. याला म्हणतात शिस्त."

चौऱ्याऐंशीची यादी आली तेव्हा वाचता वाचता भाऊसाहेब एक मेपाशी थांबले. मंगळवार होता. "खिंड," म्हणाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखं तेज आलं. तीस एप्रिल हा त्यांच्या सेवानिवृत्तीचा दिवस होता. "शेवटचा दिवस खिंडीत! अशी निवृत्ती भाग्यात असावी लागते." आम्ही माना डोलावल्या. सुर्वेबाई जागेवर गेल्या आणि कागद मशिनला लावला. तो त्यांचा तीस एप्रिलच्या रजेचा अर्ज होता.

दुसरा अर्ज मुकादमांचा आला. मग एकेक करत सगळ्यांचे, शिपाई धोंडूचासुद्धा. भाऊसाहेबांनी प्रत्येकावर लाल शाईनं 'शिफारस नाही' लिहिलं. पण साहेब नवे होते, तरुण होते आणि त्यांनाच त्या सोमवारी महाबळेश्वरला जायचं होतं. त्यांनी गठ्ठा पुढे ओढला आणि प्रत्येक 'शिफारस नाही'च्या खाली 'मंजूर' लिहिलं.

एक अर्ज तेवढा परत आला. माझा. मी सगळ्यांपेक्षा जास्त उत्साहानं लिहिला होता आणि उत्साहाच्या भरात तारीख घातली होती एकतीस एप्रिल. भाऊसाहेबांनी त्यावर शेरा मारला: 'सदर तारीख उगवल्यास विचार करण्यात येईल.' मी दुरुस्त करून धावलो तोवर साहेबांची जीप गेली होती.

शनिवारी संध्याकाळी भाऊसाहेब हॉलच्या मध्यभागी उभे राहिले. म्हणाले, "रजा मंजूर झाली म्हणजे ती भोगलीच पाहिजे असं कुठल्याही नियमात नाही. सोमवारी दुपारी काय तो निरोपबिरोप आटपून घेऊ. हिलाही आणीन म्हणतो. तिनं माझी कचेरी कधी पाहिली नाही."

सुर्वेबाई मशिनवर कव्हर घालत म्हणाल्या, "या की. काकूंना आणाच."

सोमवारी कुलूप मी उघडलं. धोंडू किल्ली माझ्या हातात देऊन शनिवारीच गावी गेला होता. थोड्याच वेळात रिक्षा थांबली. भाऊसाहेब ठेवणीतला कोट घालून उतरले, मागून काकू. अंगावर काठापदराची साडी, अंबाड्यात सुरंगीच्या फुलांचा वळेसर. रिक्षावाल्यानं हापूसची छोटी पेटी आत आणून ठेवली. एवढ्या वर्षांत भाऊसाहेबांनी कचेरीत आंब्याचा वासही आणला नव्हता.

त्यांनी हजेरीपट घेतला, सही केली आणि माझ्या नावापुढे 'उशिरा' लिहिलं.

"मीच दार उघडलं, भाऊसाहेब."

"दार उघडणं म्हणजे हजेरी नव्हे. सही केली नव्हतीत."

काकूंनी विचारलं, "बाकीची मंडळी?"

"येतील."

काकू हौसेनं टेबलाटेबलाशी फिरल्या. हे कुणाचं, ते कुणाचं, मी सांगत गेलो. प्रत्येक टेबलावर त्यांनी एकेक आंबा ठेवला. "माझ्या माहेरच्या कलमांचे आहेत. तुमच्या सगळ्यांविषयी बोलतात हो हे घरी. फार जीव लावला म्हणतात माणसांनी." मी भाऊसाहेबांकडे बघितलं. ते कसला तरी कागद वाचत होते. तो कोरा होता.

दुपार झाली. काकूंनी खिडकीतून समोरच्या रस्त्यावर सुर्वेबाई पाहिल्या. हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हाताला मुलगा. बाई रस्त्यापलीकडे उभ्या राहून कचेरीकडेच बघत होत्या. मी नाव सांगितलं तशी काकूंनी हाक मारली. "अहो बाई, या ना आत! वाट बघतोय आम्ही."

बाई खिडकीपर्यंत आल्या.

"नाही हो काकू. आज रजेवर आहे मी."

"हो का? कुठे बाहेरगावी निघालात?"

"कुठे नाही. घरीच आहे. मिरकरवाड्यात सुरमई आणायला गेले होते." मग भाऊसाहेबांकडे बघून, अगदी त्यांच्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच विचारलं होतंत ना, सोमवार घेऊन करायचं काय? म्हटलं, एकदा घेऊन तर बघू."

मुलानं खिडकीतून आंब्याकडे बोट दाखवलं. बाईंनी ते बोट मुठीत घेतलं आणि त्याला घेऊन गेल्या.

"छान आहे हो बाई. दमलेली दिसते," काकू म्हणाल्या.

कचेरी सुटायच्या आधी भाऊसाहेबांनी मला बोलावलं. चार्ज घ्यायला जे जे पात्र होते ते सगळे रजेवर. "पाटील, सही करा. उभ्या नोकरीचा चार्ज शेवटी मावशीच्या भाच्याकडे." मी सही केली, तीही त्यांच्या जागी केली, मग खोडून माझ्या जागी. मग मला वाटलं, कोणीतरी दोन शब्द बोलायला हवेत. मी खुर्ची सरकवून उभा राहिलो, घसा साफ केला आणि त्या रिकाम्या हॉलला उद्देशून म्हणालो, "लिमये भाऊसाहेब आज आपल्याला सोडून गेले."

काकूंचा हात मंगळसूत्राकडे गेला.

"अजून कचेरी सुटायची आहे, पाटील. बसा," भाऊसाहेब म्हणाले.

मी बसलो. तेवढाच निरोप समारंभ झाला. नंतर कधीतरी शाल-श्रीफळ द्यायचं असं ठरलं होतं म्हणतात. कोणी ठरवलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकूंनी टेबलांवरचे आंबे एकेक करून पुन्हा पेटीत भरले, माझा सोडून. मी कुलूप लावलं. रिक्षा दिसेना, तेव्हा पेटीची दोरी दोघांनी दोन बाजूंनी धरली आणि उतारानं चालू लागले. मी मागे होतो. मदत करायला हवी होती, पण माझ्या हातून पेटी पडली असती हे आम्हां तिघांनाही माहीत होतं.

थोडं पुढे गेल्यावर काकूंना एकदम सुचलं. "अहो, उद्या येऊ या का? उद्या असतील सगळे."

"उद्या सुट्टी आहे," भाऊसाहेब म्हणाले.

काकूंनी अगदी साधेपणानं विचारलं, "कुणाला?"

भाऊसाहेब थांबले. पेटी कलली. काकूंना वाटलं, वजन झालं. म्हणाल्या, ठेवा थोडी खाली. त्यांनी ठेवली नाही. कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं, दोरी दुसऱ्या हातात घेतली आणि काकूंच्या पावलाला पाऊल मिळवत वळणाआड गेले.